दोनशे ग्रॅमचा ठोकळा

फेब्रुवारीत मी मावशी असायची. मार्च लागला की पुन्हा ‘ओ बाई’. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा फेब्रुवारीत व्हायच्या, एवढंच त्याचं कारण.

सव्वीस वर्षं मी औरंगाबादेतल्या एका शाळेत प्रयोगशाळा परिचर होते. म्हणजे सामान काढून देणारी, परत घेणारी, पुसून जागेवर ठेवणारी बाई. शाळेचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनी माझं काही वाईट केलं नाही, आणि चांगलंही फारसं केलं नाही.

माझं शिक्षण चौथी. त्यातली पहिली तीन वर्षं उर्दूत, कारण तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि आमच्या गावचे मास्तर उर्दूतूनच शिकवायचे. पोलिस ॲक्शन झाली, शाळा मराठी झाली, चौथी मी मराठीत काढली आणि वडील म्हणाले, बास. अक्षरं पुढं मराठी झाली, पण आकडे हातात बसले ते उर्दूच. अजूनही एखाद्या बसचा नंबर कागदावर टिपायचा झाला तर हात आधी तिकडंच वळतो. ही गोष्ट मुद्दाम सांगते, कारण पुढं ती लागणार आहे.

लग्नानंतर सहा वर्षांनी नवरा वारला. मूल नव्हतं. बेगमपुऱ्यात एक खोली होती, ती अजून आहे. नोकरी लागली ती तात्पुरती म्हणून, आणि अकरा वर्षं तात्पुरतीच चालू राहिली.

प्रयोगशाळा शाळेच्या अगदी मागच्या अंगाला होती. तास नसला की तिकडं कोणी फिरकत नसे. शिक्षकांच्या खोलीत चहा यायचा तो माझ्यापर्यंत पोचत नसे. शिपाई लोक त्यांच्यात घेत नसत. म्हणायचे, तू काय बाबा, लॅबवाली, सायबीण. मी ना त्यांच्यातली, ना यांच्यातली. काही दिवस असे जायचे की सकाळी कुलूप उघडल्यापासून संध्याकाळी लावेपर्यंत माझ्या तोंडून दहा वाक्यं निघायची नाहीत. त्याची सवय होते. लोक म्हणतात होत नाही, पण होते.

विज्ञान शिकवायला गाडेकर सर होते. पैठणकडचे, शेतकऱ्याच्या घरातले, आवाज मोठा. फळ्यावर व्याख्या लिहून मोकळं होणं त्यांना जमत नसे. घर्षणाचा धडा आला की ते सातवीच्या मुलांना मागच्या मोकळ्या जागेत न्यायचे. तिथं अर्ध्या भागात शहाबादी फरशी होती, अर्ध्यात मुरूम. एका मुलाला गोणपाटावर बसवायचं आणि दुसऱ्यानं ओढायचं. फरशीवर गोणपाट सरकायचं, मुरमावर अडायचं. मग फरशीवर पाणी टाकून, मग वाळू टाकून. सर विचारायचे, कधी सोपं गेलं, कधी जड गेलं, का? पाणी आणायला, वाळू झाडायला मी. पण मी दाराशी उभी राहून ऐकायची. घर्षण म्हणजे काय, ते मला असं कळलं. दोन वस्तू एकमेकींवर घासतात तेव्हा त्या एकमेकींना अडवतात. खरबरीत असल्या तर जास्त, गुळगुळीत असल्या तर कमी. ते नसतं तर आपण चाललोच नसतो, पाय घसरतच राहिला असता. यापलीकडं मला आजही फार काही येत नाही.

एकदा सरांनी वर्गाला सांगितलं, उद्या प्रत्येकानं घरून एकेक लाटणं आणा. दुसऱ्या दिवशी चाळीसेक लाटणी आली. सरांनी ती फरशीवर ओळीनं मांडली, त्यावर शिक्षकांचं जड लाकडी टेबल ठेवलं, टेबलावर स्वतः चढून बसले आणि वर्गातल्या सगळ्यात बारक्या मुलीला म्हणाले, ओढ. तिनं दोरी ओढली आणि टेबल सरांसकट चाललं. मुलं इतकी ओरडली की मुख्याध्यापक धावत आले. सर टेबलावरूनच त्यांना समजावत होते की घसरण्यापेक्षा गडगडणं सोपं असतं.

तोवर ठीक होतं. पण धडा लांबला, लाटणी शाळेतच राहिली, आणि संध्याकाळी मुलांच्या आया यायला लागल्या. स्वयंपाकाची वेळ. लाटणी सगळी सारखीच, त्यात मुरूम लागलेली. गुलमंडीकडची एक बाई प्रत्येक लाटणं तळहातावर फिरवून बघत होती. मी म्हटलं, कोणतंही घ्या, लाकूडच आहे. ती म्हणाली, “व्हय का? मग तुम्ही दुसऱ्याची चप्पल घालून जाता का घरी?” शेवटी एक लाटणं उरलं. त्याचं कोणी आलंच नाही. महिनाभर वाट पाहून ते मी घरी नेलं. अजून त्याच्यावरच पोळ्या करते. एका माणसाच्या पोळ्यांना किती झिजणार ते.

आता बारावीचं सांगते.

बारावीला घर्षणाचा एक ठरलेला प्रयोग असायचा. टेबलावर एक लांब लाकडी पाट, त्याच्या टोकाला छोटी कप्पी. पाटावर दोनशे ग्रॅमचा लाकडी ठोकळा, त्याच्या पुढच्या तोंडाला हूक. हुकाला दोरी, दोरी कप्पीवरून खाली सोडलेली, खाली पारडं. पारड्यात थोडं थोडं वजन टाकत जायचं. ज्या वजनाला ठोकळा हळूच सरकायला लागेल, ते वजन लिहायचं. त्याला ठोकळ्याच्या वजनानं भागलं की उत्तर. पाट नवे होते तेव्हा ठोकळा ऐंशी ग्रॅमला सरकायचा. ऐंशी भागिले दोनशे, पॉइंट चार. गाडेकर सरांच्या आधीच्या सरांनी तसा तक्ता करून ठेवला होता, आणि दरवर्षी तोच तक्ता पुढच्या वहीत उतरायचा. गाडेकर सरसुद्धा इथं तक्त्यावरच चालायचे. सातवीला लाटणी, बारावीला तक्ता. बोर्डाची परीक्षा असली की चांगला माणूसही घाबरट होतो.

आमच्याकडं असे तीन पाट आणि तीन ठोकळे होते. प्रत्येक जोडीचं उत्तर जरासं वेगळं, म्हणून कोणता ठोकळा कोणत्या पाटाचा ते कळावं यासाठी मी ठोकळ्यांच्या मागच्या तोंडावर प्रत्येकाचं सरकण्याचं वजन खिळ्यानं आकड्यात कोरलं होतं. उर्दूत. उर्दूतला आठ म्हणजे घराच्या छपरासारखी खूण, आणि शून्य म्हणजे नुसतं टिंब. बघणाऱ्याला वाटावं सुताराची खूण असेल. शाळेत उर्दू वाचणारं कोणी नव्हतं.

आणि आता ते लिहिते जे कोणत्याही शाळेतल्या परिचराला विचाराल तर तो नाही म्हणेल. परीक्षेत मुलांना उत्तर आम्हीच सांगायचो. तोंडानं नाही. मी वजनांची पेटी उघडून देताना त्या ठोकळ्याच्या आकड्याची वजनं, ऐंशीच्या ठोकळ्याला पन्नास, वीस आणि दहा, पुढच्या कडेला काढून ठेवायची. हुशार मुलाला तेवढं पुरायचं. बाकीच्यांना हुशार मुलगा सांगायचा. म्हणून फेब्रुवारी आला की मुलं प्रयोगशाळेच्या दारात यायची, मावशी जेवलात का, मावशी बरं आहे ना. कोणी घरून खोबऱ्याची वडी आणायचं. ते का येतात ते मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी ती वडी खायची, आणि आठवडाभर आधीपासून पेटी पुसून ठेवायची.

पेटीसारखेच मी पाटही पुसायची. नुसतं पुसून माझं समाधान व्हायचं नाही. मेणबत्त्यांचे तुकडे खोबरेल तेलात वितळवून मी ते पाटांवर चोळायची, फडक्यानं चमक आणायची. कोणी पाहुणे आले की मुख्याध्यापक त्यांना प्रयोगशाळा दाखवायचे आणि म्हणायचे, बघा, सामान कसं ठेवलंय. ते वाक्य वर्षातून एकदोनदा कानावर यायचं. माझ्या दहा वाक्यांच्या दिवसात ते पुष्कळ होतं.

माझ्या नोकरीच्या अकराव्या वर्षी नसरीन बारावीला होती. पडेगावची. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, दौलताबादच्या रस्त्याला. प्राथमिक शाळा उर्दू, पुढं मराठी. हात नेहमी थोडे काळे असायचे, कारण सकाळी दुकान उघडून ती शाळेत यायची. एकदा सरांनी वर्गात विचारलं, घर्षण वाढवावं लागतं असं एखादं काम सांगा. सगळे टायर, ब्रेक म्हणाले. ती म्हणाली, पंक्चर काढताना ट्यूब आधी कानशीनं घासावी लागते, गुळगुळीत ट्यूबवर ठिगळ धरत नाही. सर त्या दिवशी खूश होते. दुसऱ्या दिवशी तिनं रुमालात बांधून सायकलीच्या बेअरिंगचे छर्रे आणले, दोन डब्यांच्या झाकणांमध्ये भरले आणि वरचं झाकण बोटानं फिरवून दाखवलं.

फेब्रुवारीत सगळ्यांसारखी तीही आली. पण तिनं जेवलात का विचारलं नाही. दाराशी उभं राहून म्हणाली, “मावशी, मेरेकू इंजिनिअरिंगला जायचंय. अब्बा बोलले, यादीत नाव आलं तर पाठवतो. नाही आलं तर दुकान है.” मी म्हटलं, मग अभ्यास कर, माझ्याकडं काय आहे? म्हणाली, काही नाही, ऐसेच सांगितलं. आणि गेली. कोणाला तरी सांगायचं होतं, ते तिनं मला सांगितलं.

त्याच महिन्यात माझा कायम होण्याचा कागद मुख्याध्यापकांकडं सहीला होता. अकरा वर्षांनी. हेही ध्यानात ठेवा.

परीक्षेच्या दिवशी बाहेरगावचे परीक्षक आले होते. मुलं चिठ्ठ्या उचलायची, चिठ्ठीत निघेल तो प्रयोग. नसरीनला घर्षण निघालं. मी तिला ठोकळा दिला, पेटी उघडून दिली, तीन वजनं कडेला. तिनं वजनांकडं पाहिलं, मग तिन्ही पारड्यात ठेवली.

ठोकळा सुटला तो पाटावरून धावत जाऊन कप्पीवर आदळला. ठक. सगळ्या खोलीनं मान वर केली. तिनं तो मागं आणला, पुन्हा सोडला. पुन्हा ठक.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गुळगुळीत असलं की घर्षण कमी, हे मी वर्षानुवर्षं दाराशी उभी राहून ऐकत होते. पाट चकचकीत करणं म्हणजे उत्तर बदलणं, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. आणि दुसऱ्या कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण मुलं ठोकळा सोडून बघतच नव्हती. वजनं बघायची आणि लिहायची.

नसरीननं वजनं काढली. एकेक टाकत गेली. माझ्याकडं वळून म्हणाली, “मावशी, पाचचं वजन द्या.” मी दिलं. पंचावन्नला ठोकळा सरकला, अगदी हळू, जसा सरकायला हवा तसा. मग तो जागेवर ठेवताना तिच्या हातात उलटा फिरला आणि तिला मागची खूण दिसली. तिला ती वाचता येत होती. ऐंशी. तिनं खूण बघितली, कडेला ठेवलेली तीन वजनं बघितली, मग मला. मी मान खाली घातली. तिनं ठोकळा खूण मागं जाईल असा ठेवला आणि वहीत पंचावन्न लिहिलं.

परीक्षक फिरत आले. त्यांनी तक्ता पाहिला, तिची वही पाहिली. म्हणाले, सगळ्यांचं पॉइंट चारच्या आसपास येतंय, तुझं एकटीचं पॉइंट दोन सात पाच? ती म्हणाली, “सर, तुम्ही सोडून बघा ना.” एवढंच. आवाजही चढवला नव्हता. पण परीक्षकाला ‘तुम्ही सोडून बघा’ म्हणणं त्यांना झोंबलं. खोलीत अजून वीस मुलं होती आणि परीक्षकांना परतीची गाडी गाठायची होती.

गाडेकर सर पुढं आले. त्यांनी पाटावरून बोट फिरवलं. मग मला विचारलं, “बाई, पाटाला काही लावता का तुम्ही?”

मी म्हटलं, “काही नाही सर. कोरडं फडकं मारते.”

सरांनी ते बोट अंगठ्यावर घासून पाहिलं. परीक्षकांनी निळ्या शाईनं वहीवर रेघ मारली. नसरीननं ठोकळा उचलून खूण दाखवली असती, उत्तर आधीच कोरलेलं आहे म्हणून सांगितलं असतं, तर तिचं काम झालं असतं, आणि माझं काम तमाम. तिनं नाही दाखवली.

सामान परत देताना तिनं ठोकळा माझ्या हातात ठेवला आणि हळूच म्हणाली, “पीछे का घिस डालो मावशी. और कोई देखेगा.”

जूनमध्ये मी कायम झाले. त्याच सुमारास सरांकडून कळलं की नसरीनचं नाव यादीत थोडक्यात हुकलं. किती थोडक्यात, ते मी विचारलं नाही. त्या रेघेनं किती गुण गेले तेही नाही. त्यानंतर सातवीचे प्रयोग असले की पाणी आणायला ते मुलांना पाठवायचे, मला हाक मारायचे नाहीत.

सुट्टीत मी तिन्ही पाट पॉलिशपेपरनं घासले. चार दिवस लागले. मेणाचा थर निघाला, चमक गेली, पाट कळकट दिसायला लागले. पुढं पाहुणे आले तर मुख्याध्यापक कपाटं दाखवायचे. वजनं कडेला ठेवणं मी बंद केलं, पेटी आहे तशी द्यायची. एका वर्षात ही बातमी मुलांत पसरली. त्यानंतर फेब्रुवारीतही मी ‘ओ बाई’च राहिले.

ठोकळ्यावरची खूण मात्र घासली नाही. दोन ठोकळ्यांवरच्या घासल्या, त्याच्यावरची राहिली. का, ते मला सांगता येत नाही.

मी निवृत्त झाले त्या वर्षी जुनं सामान काढून टाकलं. पाट कोणीतरी चुलीला नेले. तो ठोकळा मी पिशवीत टाकला. माझ्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटतं, त्याच्याखाली लावायला बरा होता.

दोन वर्षं तो दाराखाली होता. एक दिवस तो उचलला आणि पडेगावची बस धरली.

दुकान होतं तिथंच होतं, वाढलेलं. सायकली होत्याच, आता लुना आणि लोडिंगच्या रिक्षाही दुरुस्तीला येत होत्या. एक बाई खाली बसून चाकाचे छर्रे रॉकेलमध्ये धूत होती. केस पांढरे व्हायला लागलेले. तिनं वर बघितलं आणि विचारलं, काय काम आहे? तिनं मला ओळखलं नव्हतं. मी नाव सांगितलं नाही, शाळेचंही नाही. ठोकळा तिच्या हातात दिला.

तिनं तो फिरवला. मागची बाजू आली तशी ती थांबली.

“ऐंशी,” ती म्हणाली. मग, “घिसा नहीं?”

“नाही.”

“पचपन था मावशी.”

“पंचावन्नच होतं,” मी म्हटलं. “मी पाटाला मेण लावत होते.”

“मालूम है. हाताला लागत होतं. दुकानात बसणारीला मेण समजत नाही व्हय?”

मग त्यांना का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. हे विचारण्यासाठीच मी आले होते, हे मला तिथं कळलं. तिनं छर्रे फडक्यावर काढले, हात पुसले.

“पाट तुमचा होता,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुम्ही बोलाल.”

रागानं नाही म्हणाली. तुमचा पत्ता अमुक आहे असं कोणी सांगावं तसं म्हणाली. तिनं चहा सांगितला. चहा येईपर्यंत तिच्या मुलीचं सांगितलं, ती आता दहावीत आहे. माझं विचारलं. मी म्हटलं, आहे एकटी, बरं आहे.

तेवढ्यात दुकानापुढं एक लोडिंग रिक्षा उभी राहिली, मागचं चाक बसलेलं. रस्ता तिथं उताराचा आहे. रिक्षावाला चाक खोलायला लागला आणि रिक्षा मागं सरकायला लागली. नसरीननं इकडंतिकडं पाहिलं, हातातला ठोकळा दुसऱ्या चाकामागं टाकला आणि पायानं आत ठोकला. रिक्षा थांबली. सबंध माल भरलेला होता, तरी ठोकळा जागचा हलला नाही. तो खरबरीत झाला होता एव्हाना.

मी चहा पिऊन उठले. ठोकळा चाकाखालीच होता. तिनं दिला नाही, मी मागितला नाही. ती चाकापाशी बसून ट्यूब घासत होती, मान वर न करता म्हणाली, “आते रहो मावशी.” मार्च संपून गेला होता, तरी मी मावशीच. मी हो म्हटलं. पण गेले नाही.

आता दुपारी वारा सुटला की माझं दार आपटतं. दुसरं काहीतरी बघायला हवं लावायला.